चार नंबरमधला आवाज

नौदलातलं माझं शेवटचं समुद्रावरचं पोस्टिंग मुंबईच्याच एका पाणबुडीवर होतं. डिझेल-इलेक्ट्रिक बोट, सहा कंपार्टमेंट. आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो. मी पेटी ऑफिसर, म्हणजे लष्करातल्या हवालदाराच्या बरोबरीचा, होतो आणि माझी ड्यूटी तीन नंबरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, डॅमेज कंट्रोल पॅनलवर असायची. पॅनल म्हणजे व्हॉल्व्ह आणि दिव्यांची भिंत. आग, पाणी, हवा, सगळ्यांची बटणं तिथे. घर परळला, बोट कुलाब्याला. पोस्टिंगची ऑर्डर हातात पडली तेव्हा आई खूश झाली, पोरगा रोज जेवायला घरी येईल म्हणून. महिन्यातले वीस दिवस मी पाण्याखाली असणार हे तिला मी सांगितलं नाही.

आता परळलाच एका ऑफिस टॉवरमध्ये फायर सेफ्टी बघतो. परदेशात कुठे पाणबुडी हरवल्याची बातमी टीव्हीवर आली की लोक मला लिफ्टमध्ये गाठतात. आत खिडकी असते का? मासे दिसतात का? खिडकी नसते. मासे दिसत नाहीत. समोरच्याचं थोबाड दिसतं, आणि तेही पंधरा दिवस न धुतलेलं. मग विचारतात, भीती वाटते का? त्याचं उत्तर मी आजवर हसण्यावारी नेलं. आज सरळ देतो. वाटते. रोज वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर पाण्याखाली जाऊ नये.

माझ्या भीतीला एक दोरी जबाबदार आहे. नवीन माणूस पहिल्यांदा खोल डाइव्हला आला की जुने लोक बोटीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरी बांधतात, चांगली ताणून. मग बोट खाली जाते. पन्नास मीटर, शंभर, दीडशे. दोरी हळूहळू सैल पडते आणि मधोमध लोंबायला लागते. दोरी तेवढीच असते. भिंती जवळ आलेल्या असतात. एकशे ऐंशी मीटरवर तळहाताएवढ्या जागेवर बाहेरून मोटारीएवढं वजन दाबत असतं. माझ्या वेळी ती दोरी नंदकुमार सावंतने बांधली होती. दोरी लोंबली तेव्हा मी हाताने भिंत चाचपली आणि सावंत माझ्याकडे बघून खदाखदा हसला.

"घाबारलस काय रे परबा?" तो म्हणाला. "वायच घाबरूचा. बरा असता."

सावंत लालबागचा. घरात मालवणी, बाहेर मुंबईची धेडगुजरी. तोही पेटी ऑफिसर, इलेक्ट्रिकल शाखेचा. बोटीतली प्रत्येक केबल त्याला पाठ होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण आमच्यात अरे-तुरे. त्याच्या बायकोला, सुप्रियाला, मी वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊजी. ज्या फेरीबद्दल सांगतोय तिच्यावर निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवलो होतो. सुरमई होती. सावंतची चार वर्षांची मुलगी माझ्या ताटातली कुरकुरीत कड काढून खात होती आणि वहिनी तिला ओरडत होत्या. एवढंच आठवतं. आदल्या दिवशी माणसाला काही जाणवतं वगैरे म्हणतात, आम्हाला काही जाणवलं नाही.

दोन नियम सांगतो, पुढचं कळायला ते लागतील.

पहिला. अलार्म वाजला की जो ज्या कंपार्टमेंटमध्ये असेल तो तिथेच. मधली दारं बंद करून खिट्ट्या आवळायच्या. कॅप्टनच्या हुकुमाशिवाय दार उघडायचं नाही, पलीकडे सख्खा भाऊ असला तरी. एका कंपार्टमेंटची आग दुसऱ्यात गेली तर बोट जाते, आणि बोट गेली की सगळे जातात.

दुसरा. प्रत्येकाला श्वासाचा एक सेट दिलेला असतो, डबा आणि मास्क. तो चोवीस तास कमरेला हवा. हा नियम सगळे मोडायचे. आत अडतीस-चाळीस डिग्री गरम, त्यात तीन किलोचा डबा मांडीवर आपटतो. कुठे वाकून काम करायचं असलं की माणूस सेट काढून जवळच्या हुकावर अडकवायचा. बोटीत एकटा कुक बिजू तेवढा झोपतानाही सेट काढायचा नाही. आम्ही त्याला फार पिडायचो. सावंत त्याला विचारायचा, "अरे, लग्नातपण लावला होता काय?"

बाहेर पडून नववा दिवस होता. खोली एकशे वीस मीटर. दुपारी दोनच्या सुमाराला सावंत तीन नंबरमध्ये आला. माझ्या पॅनलचे दोन दिवे लुकलुकत होते. सेट हुकावर अडकवला, पॅनलच्या मागे घुसला, पाचएक मिनिटांत दिवे ठीक केले. तेवढ्यात चार नंबरच्या दारातून बिजूने हाक मारली.

"सावंत साब, इधर कुछ जलने का बास आ रहा है."

चार नंबरमध्ये गॅली, म्हणजे आमचं स्वयंपाकघर, त्याला लागून मोठा स्विचबोर्ड आणि जमिनीखाली बॅटरी. सावंत तसाच हात पुसत गेला. मी लॉगमध्ये वेळ लिहिली, चौदा सतरा. त्याच्या कमरेकडे माझं लक्ष गेलं नाही.

चौदा वीसला अलार्म वाजला. चार नंबरमध्ये आग. दाराजवळ मीच होतो. दार ओढलं, खिट्ट्या आवळल्या. बंद होताना फटीतून काळा धूर आणि जळक्या रबराचा वास आत आला, मग थांबला. पलीकडे दोन माणसं होती, सावंत आणि बिजू. पाच नंबरकडचं दारही त्या बाजूने बंद झालं होतं. कॅप्टनसाहेब माझ्यापासून दोन मीटरवर उभे होते. त्यांनी बोट वर घ्यायचा हुकूम दिला. पण एकशे वीस मीटरवरून वर यायला वेळ लागतो, आणि चार नंबरखाली बॅटरी होती. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आग तिथवर पोचली असती तर वर येण्याचा प्रश्नच उरला नसता.

मी इंटरकॉम उचलला.

"चार नंबर, रिपोर्ट."

"स्विचबोर्ड पेटलाहा. दोघे आसव. छोट्या सिलिंडरान विझना नाय." सावंत खोकत होता.

कॅप्टन म्हणाले, "स्टँड बाय गॅस, कंपार्टमेंट फोर."

हा गॅस आग विझवतो. त्यात मास्कशिवाय माणूस दोन-तीन मिनिटांपलीकडे टिकत नाही. म्हणून सोडायच्या आधी आत सगळ्यांनी मास्क लावल्याची खात्री करायची असते आणि ती खात्री पॅनलवरचा माणूस करतो. तो मी होतो. मी गॅसच्या व्हॉल्व्हची सील तोडायला हात वर केला आणि शेजारच्या हुकावर दोन सेट दिसले. उष्म्यामुळे माझाही मी काढून ठेवला होता. एक माझा. दुसऱ्यावर पांढऱ्या रंगात सावंतचा नंबर.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला सावंतसाठी भीती वाटली नाही. मला त्या दाराची भीती वाटली, दाराचा पत्रा गरम लागत होता. मला घरी जायचं होतं.

"सावंत, तुझा सेट इथे आहे," मी म्हणालो.

आधी नुसता खोकला आला. मग तो म्हणाला, "दुसरो घेतलंय मरे. सोड तू."

चार नंबरमध्ये जादा सेट होते, हे खरं. ते स्विचबोर्डच्या मागच्या कपाटात होते, हेही मला माहीत होतं. आणि आणखी एक गोष्ट. मास्क लावून माणूस इंटरकॉमवर बोलला की आवाज डब्यातून आल्यासारखा घोगरा येतो, शब्द नीट कळत नाहीत. ड्रिलमध्ये शंभर वेळा ऐकलेला आवाज आहे तो. सावंतचा आवाज स्वच्छ होता. मध्ये खोकला, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

मी स्वतःला सांगितलं, हातात धरला असेल, आता लावेल.

"मास्क रिपोर्ट?" कॅप्टन म्हणाले.

"कंपार्टमेंट फोर, दोघेही मास्कवर, सर."

"रिलीज."

चौदा चोवीसला मी व्हॉल्व्ह फिरवला. नळीतून गॅस जाताना फुस्स असा लांब आवाज येतो. तो थांबेपर्यंत मी इंटरकॉम कानाला लावून होतो. पलीकडून कोणी बोललं नाही. बोट वर चढत होती आणि तीन नंबरमध्ये अकरा माणसं डेप्थ गेजकडे बघत होती. ऐंशी. साठ. कोणीतरी रामरक्षा म्हणत होतं, अगदी हळू.

चौदा एकतीसला वर आलो. हवा खेळती केली. चौदा त्रेपन्नला कॅप्टनच्या हुकुमाने मी दार उघडलं. आग विझलेली होती. बिजू दाराशी बसला होता, मास्क लावलेला, डोळे सताड उघडे, पण जिवंत. सावंत स्विचबोर्डसमोर पालथा होता. शेवटचा मेन स्विच त्याने खाली ओढला होता आणि हात तिथेच राहिला होता. मागचं कपाट बंद होतं, त्याचं हँडल आगीने वितळलं होतं.

बिजूने नंतर सांगितलं की माझ्याशी बोलून झाल्यावर सावंतने इंटरकॉम नीट जागेवर ठेवला. मग बिजूच्या मास्कचा पट्टा मागून आवळला आणि त्याला दाराकडे ढकललं.

चौकशी झाली. हुकावरच्या दोन सेटचं मी बोर्डासमोर सांगितलं. सावंतने काय उत्तर दिलं तेही सांगितलं. बोर्डाने गॅस सोडायचा हुकूम योग्य ठरवला. नंतर कॅप्टनसाहेबांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "परब, तू काहीही रिपोर्ट केलं असतंस तरी मला गॅस सोडावाच लागला असता. बोटीत बावन्न माणसं होती." आवाजाचं मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी त्या तारखेला मी लालबागला जातो. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर वहिनींना घर मिळालं. त्या परळला इस्पितळात नोकरी करतात. मुलगी पंधरा वर्षांची झाली, दहावीला आहे. दरवर्षी मी चहा घेतो, फोटोला हात जोडतो, मुलीचे मार्क विचारतो आणि सटकतो. वहिनींना मी एवढंच सांगितलं होतं की तो धुरात गेला, त्याला त्रास झाला नाही.

यंदा वहिनींनीच विषय काढला. मुलगी क्लासला गेली होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गेल्या महिन्यात बिजू आला होता. त्याच्या मुलीचं नाव त्याने नंदिनी ठेवलंय. पट्ट्याचं सांगून रडला. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत."

मग मी सांगितलं. हुकावरचे दोन सेट, मी काय म्हणालो, तो काय म्हणाला, आणि आवाज. आवाज स्वच्छ होता, हे अकरा वर्षांत मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. गेजकडे बघत होतो त्या वेळीही मी इतका घाबरलो नव्हतो. वाटलं, आता या म्हणतील, पुन्हा या घरात पाऊल ठेवू नका, आणि ते बरोबरच असेल.

वहिनींनी फोटोकडे पाहिलं. खाली पुलावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही परत विचारलं असतंत, तरी ह्यांनी तेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी."

"आणि गॅस तर सोडायलाच लागला असता."

"हो."

"पण विचारायला हवं होतं, भाऊजी. एकदा तरी. कोणीतरी आपल्याला परत विचारलं, एवढं तरी ह्यांना कळलं असतं."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग उठून आत गेल्या आणि दोन पानं वाढली.

नंदकुमार सावंत, पेटी ऑफिसर, इलेक्ट्रिकल. वय चौतीस. राहणार लालबाग. चौदा तेवीसला त्याने मला खोटं सांगितलं, आणि मला ते त्याच वेळी कळलं होतं.