तळव्याएवढं

कॅन्टीनवाल्या मावशी कशाला म्हणून घाबरत नसत. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीपाशी उभे राहणारे दांडगे गडी त्यांच्यापुढे ताट धरून मुकाट उभे राहायचे. एकदा कढईतल्या तेलानं पेट घेतला, तर सगळं कॅन्टीन दाराकडे पळालं. या बाईनं मात्र कढईवर शांतपणे झाकण टाकलं, गॅस बंद केला आणि पळणाऱ्यांना चार शिव्या हासडल्या. अशी ही बाई. आणि आता ती घाबरायची ती कशाला, तर हॉस्पिटलच्या कोपऱ्यातल्या एका साध्या वजनकाट्याला.

कारणही तसंच होतं. मावशींच्या धाकट्या भावाचं लिव्हर कामातून गेलं होतं. मावशी त्याला लहानपणापासून बारक्या म्हणायच्या, आणि पन्नाशीला आला तरी तो बारक्याच राहिला होता. शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, पण कुठल्याशा जुन्या काविळीनं त्याला आतून पोखरलं होतं. आता उपाय एकच. जवळच्या नात्यातल्या कुणाच्या तरी धडधाकट लिव्हरचा तुकडा काढायचा आणि त्याला बसवायचा. बायकोचा रक्तगट जुळला नाही. ताईचा जुळला.

"माझं घ्या की," मावशी तिथल्या तिथे म्हणाल्या. मागचापुढचा विचार केला नाही.

मग मावशींची तपासणी झाली, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चणीनं लहान, हात तर शाळकरी पोरीसारखे. "मावशी, तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. असं लिव्हर आम्ही काढू शकत नाही. त्यात तुम्हालाही धोका आणि त्यांनाही. वजन उतरलं की चरबी उतरते. उतरवा. पण लवकर, त्यांच्याकडे फार वेळ नाही."

झालं! तेव्हापासून बारक्याचा जीव मावशींच्या कमरेच्या घेरात अडकून बसला.

आहार समजावणारी मुलगी खालच्या मजल्यावर बसायची. तिनं मावशींना टेबलावर हात उघडा ठेवायला सांगितला. "तराजूबिराजू काही नको. अर्धं ताट भाजी. भात तुमच्या मुठीएवढा. अंडी, मासा, कोंबडी, जे असेल ते तळव्याएवढं. तेल अंगठ्याच्या पेराएवढं. तुमचाच हात मोजायला, तो काही कुठे विसरत नाही माणूस."

मावशींनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. रुंद, डाव धरून धरून घट्टे पडलेला. "एवढंच? अगं, एवढं तर माझ्या पातेल्याला चिकटून राहतं!"

मुलगी हसली. "आणि उपाशी राहायचं नाही हं. कमी खाल्लंत तरी नुकसानच."

आता गंमत बघा. या बाईनं आयुष्यात कुणाला हात राखून वाढलं नव्हतं. दुसऱ्या कॅन्टीनांत डाव तिरपा करून निम्मं परत पातेल्यात सोडतात, ती हातचलाखी यांना कधी जमलीच नाही. शिफ्ट संपवून आलेल्या माणसाचं तोंड बघून त्याला किती लागेल हे त्या ओळखायच्या आणि वर थोडं जास्तच घालायच्या. स्वतःच्या ताटात मात्र आता मूठ झाकून मोजलेला भात. पहिल्या दिवशी ते ताट बघून त्यांना रडूच आलं. पण बारक्याचे पिवळे पडलेले डोळे आठवले, आणि त्या निमूट जेवल्या.

पंधरवड्यानं त्या काट्यावर चढल्या. काटा होता तिथेच.

"होतं असं सुरुवातीला," मुलगी म्हणाली.

आणखी पंधरवडा गेला. मावशींनी चहातली साखर सोडली, संध्याकाळचा पाव सोडला, घरी जाताना दोन स्टॉप आधी उतरून चालायला लागल्या. काट्यावर चढताना चपला काढल्या, बांगड्या काढल्या, एवढंच काय, श्वाससुद्धा रोखून धरला. काटा हलला म्हणायचा तर हलला, पण त्यात कुणाचं भलं होण्यासारखं काही नव्हतं. मुलीनं या वेळी हसणं आवरतं घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, खरं सांगा. मधेमधे काही खाता का?"

"आईशप्पथ नाही!" मावशी म्हणाल्या, आणि ते त्यांना अगदी खरं वाटत होतं.

त्या दिवसापासून भीतीनं त्यांच्या घरात पथारीच पसरली. सकाळी उठल्याबरोबर तीच, चपला घालताना तीच. बारक्याचं पोट पाण्यानं फुगत चाललं होतं आणि हातपाय काटक्या झाले होते. भेटायला गेलं की तो म्हणायचा, "ताई, जाऊ दे गं. नाही होत तर नाही होत." हे तो इतक्या मायेनं म्हणायचा की मावशींच्या काळजात चर्र व्हायचं. याला वाटतंय का, की मी मुद्दाम करतेय? मला द्यायचं नाही म्हणून मी आतून चरत बसलेय? विचारायची हिंमत होत नव्हती. समजा तो हो म्हणाला तर?

त्याची बायको मात्र नुसती बघत होती. मावशींच्या ताटाकडे बघायची, मग पोटाकडे बघायची. आणि एक दिवस सकाळी ती कुणाला न सांगता थेट कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच आली. मागच्या दारानं आली आणि पोत्यांच्या आडोशाला उभी राहिली. बटाटे सोलणाऱ्या पोरीला सगळे लवंगी म्हणत, कारण अंगानं एवढीशी आणि तोंडानं तिखट. तिनंच तिला आत घेतलं.

मावशी कामात होत्या. मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत होता. त्यांनी डाव बुडवला, तळव्यावर सांडला, चाटला. मीठ घातलं. पुन्हा सांडला, पुन्हा चाटला. बटाट्याच्या फोडी तळायला टाकल्या, एक मोडून बघितली आतून शिजली का. शिजली होती, मग ती टाकणार कुठे? तोंडात गेली. कोंबडीचा तुकडा हाडापासून सुटतो का ते पाहिलं, सुटला, तोही गेला. भाताचा घास. पुन्हा रस्सा. मग कस्टर्ड गोड झालं का म्हणून पळीभर, आणि पळीला लागलेलं वाया कशाला म्हणून तेही.

"ताई, हे काय चाललंय?"

मावशी दचकून वळल्या. "अगं बाई, तू? बारक्या बरा आहे ना?"

"मी विचारतेय, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? स्वयंपाक चाललाय."

"तुम्ही खाताय!"

"मी कुठे खातेय? चव बघतेय."

भावजय पुढे आली. "मी आल्यापासून तुमचं तोंड थांबलेलं नाही, ताई. माझा नवरा तिकडे मरतोय! तुम्हाला द्यायचं नसेल तर तोंडानं सांगा ना. आम्ही काही जबरदस्ती केली नव्हती."

मावशींना वाटलं आता आपण हिचं तोंडच फोडू. पण त्यांची नजर हातातल्या पळीवर गेली. चव बघणं म्हणजे जेवणं, असं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. जेवण म्हणजे ताट घेऊन बसणं. उभ्यानं, हातावर, कामाचा भाग म्हणून जे तोंडात जातं ते कारखान्याचं, आपलं नव्हे. उभा जन्म त्यांनी असाच हिशोब धरला होता.

"लवंगी," त्या कशाबशा म्हणाल्या, "ते रिकामं पातेलं आण."

मग त्यांनी उरलेला स्वयंपाक भावजयीसमोर केला. जे जे तोंडाकडे जात होतं ते पातेल्यात टाकलं. रश्श्याचा डाव, पातेल्यात. मोडलेली फोड, पातेल्यात. एकदा हात सवयीनं ओठापर्यंत गेला आणि लवंगी ओरडली, "मावशी, पातेल्यात!" जेवणाची घंटा झाली तेव्हा तिघींनी आत वाकून पाहिलं. भट्टीवरच्या गड्याचंही पोट भरलं असतं एवढं जेवण आत होतं. आणि हे फक्त पातेलं आणल्यानंतरचं.

"मला खरंच माहीत नव्हतं गं," मावशी म्हणाल्या.

भावजयीनं पदरानं डोळे पुसले, मान हलवली आणि गेली. तिनं विश्वास ठेवला. पण मावशींचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. वर्षानुवर्षं मीठ एकदाच बघणाऱ्या बाईला हल्ली ते तीनतीनदा का बघावं लागत होतं? काट्यावर जायच्या आदल्या दिवशी तर जास्तच. उत्तर त्यांना माहीत होतं आणि त्यानंच त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांना सुरीची भीती वाटत होती. "माझं घ्या की" म्हणाल्यापासून वाटत होती. आडवं झोपवतील, पोट फाडतील, आणि आपण उठलोच नाही तर? तोंडानं हो म्हणून झालं होतं, आणि हात गुपचूप नाही म्हणत होता की काय?

त्या दिवसापासून चवीचं काम लवंगीकडे गेलं. आता लवंगीच ती! तिला तिखटाशिवाय काही चवच लागत नसे. दोनच दिवसांत भट्टीवरचा एक गडी ताट घेऊन परत आला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "मावशी, एक भट्टी पुरत नव्हती का? आता पोटातही पेटवलीत?" कॅन्टीनच्या साहेबानं बोलावून तंबी दिली. मावशींनी ऐकून घेतलं आणि नुसत्या वासावर, वाफेवर, रश्श्याच्या रंगावर मीठमिरची घालायला शिकल्या. कधी साधायचं, कधी अळणी व्हायचं. पण तोंड बंद राहिलं.

आणि काटा उतरायला लागला. एवढा उतरायला लागला की मावशींना भलताच चेव चढला. भाताची मूठ निम्मी केली, मग बंदच केली. तळव्याएवढी कोंबडी दोन बोटांवर आली. प्रत्येक घास त्यांना बारक्याच्या आयुष्यातून तोडून घेतल्यासारखा वाटायचा. एके दुपारी वाढता वाढता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गरम पातेल्याचा काठ धरूनच त्या खाली बसल्या. हात चांगलाच पोळला. आहारवाल्या मुलीनं त्यांना फैलावर घेतलं. "मूठभर म्हणजे मूठभर, मावशी! रिकामी मूठ नाही. अशा अशक्त झालात तर ऑपरेशन कोण करेल तुमचं?"

हे बारक्याच्या कानावर गेलं. रविवारी त्यानं ताईला जेवायला बोलावलं, स्वतःला धड बसवत नसताना. भावजयीनं भाजी आणि मासा वाढला. भात बारक्यानं स्वतः वाढला, मूठ भरून.

"ही घे. माझी मूठ आता एवढीशीच राहिलीय, म्हणून वर अजून थोडा. खा. तू उपाशी मेलीस तर मी काय शेजाऱ्याचं लिव्हर बसवू?"

मावशी हसायला गेल्या आणि रडायलाच लागल्या. "बारक्या, मला सुरीची भीती वाटते रे. आधीपासून वाटतेय. तुला वाटलं असेल मी मुद्दाम..."

"वाटलं होतं," बारक्या म्हणाला.

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"मग मला वाटलं, बरंच आहे," तो म्हणाला. "मलाही भीतीच वाटते, ताई. तुला काही झालं तर मी त्या तुकड्याला घेऊन कसा जगू? आता खा बघू. भात गार होतोय."

मावशींनी खाल्लं. तेव्हापासून रोज मूठ ती मूठ, तळवा तो तळवा. कमीही नाही, जास्तही नाही. भीती गेली नाही. ती ताटापाशी येऊन बसायची, आणि मावशी तिच्यासमोर जेवायच्या.

पुढच्या तपासणीत चरबी उतरलेली निघाली. ऑपरेशनची तारीख ठरली.

त्या दिवशी सकाळी मावशी ढगळ गाऊन घालून, बांगड्या भावजयीकडे देऊन, चाकांच्या पलंगावर पडल्या होत्या. शेजारच्या खोलीत बारक्याला तयार करत होते. त्याचा खोकला ऐकू येत होता. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरीणबाई आल्या, शेजारी टेकल्या आणि पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. किती वेळ लागेल, कुठे दुखेल, उरलेलं लिव्हर कसं पुन्हा वाढेल.

"माझ्या पोटासारखंच म्हणायचं," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, किती काढणार?"

डॉक्टरीणबाईंनी आपला हात वर केला, तो शाळकरी पोरीचा हात, आणि बोटं जुळवून तळवा दाखवला. "साधारण एवढं."

मावशी त्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चादरीखालून स्वतःचा हात काढला. रुंद, घट्ट्यांचा, कडेला पोळल्याचा डाग असलेला. तो त्यांनी डॉक्टरांच्या हाताशेजारी उघडा धरला.

"तुमच्या हातानं नको, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं मोजा. हात राखून वाढू नका त्याला."