अंगणातली हरळी आणि तात्यांची मजुरी

हरळी मुद्दाम लावणारा माणूस बारामती तालुक्यात आजवर एकच होऊन गेला, आणि तो मी.

आमच्याकडे हरळी काढतात, लावत नाहीत. (गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात ती हीच, पण देवाला चालतं ते उसाला चालतंच असं नाही.) रानात ती एकदा शिरली की तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची चिवट मुळं, वेचता वेचता माणसं कंबरेतून वाकतात, तरी ती उरतेच. पण सन छत्तीस-सदतीसच्या सुमारास मी कालव्याच्या कचेरीत नुकताच कारकून झालो होतो, डोक्यावरची टोपी जरा तिरपी बसू लागली होती, आणि साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ मी रोज कुंपणाबाहेरून पाहत होतो. आपल्याही बिऱ्हाडापुढे तसलीच हिरवळ असावी, तिच्यावर खुर्ची टाकून चहा प्यावा, आणि रस्त्याने जाणाऱ्याने तो पाहावा, एवढीच माझी माफक इच्छा होती.

पण गवत कुठलं लावायचं? पहिल्यांदा सुप्याच्या माळावरचं कुसळी गवत आणलं. माळावर वाऱ्याने हलताना ते फार देखणं दिसतं. अंगणातही दिसलं. मग त्याला कुसळं आली, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ओट्यावर बसून आधी धोतरातली कुसळं उपटू लागला. एक गृहस्थ तर ज्या कामासाठी आले होते ते विसरूनच परत गेले! नंतर मारवेल गवत लावलं. ते गोड, लुसलुशीत आलं, आणि ते गोड आहे ही बातमी शेजारच्या म्हशीला माझ्याआधी लागली. लव्हाळा मात्र मी लावला नाही. तो आपणहून आला.

शेवटी आमच्या कचेरीत पुण्याहून बदलून आलेले हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले की साहेबाची हिरवळ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली हरळीच आहे, फक्त रोज पाणी पाजलेली आणि कापलेली. मला पटेना. कुंपणातून हात घालून मी एक काडी उपटून पाहिली. हरळीच होती!

कऱ्हाटीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मी हरळी मागितली. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. पैसे घ्यायला काही तयार होईना. उलट स्वतः गाडीभर काशा आणून टाकल्या, आणि अजून हव्यात का, असं मोठ्या आशेने विचारून गेला. त्या काशा मी लावल्या, विहिरीचं पाणी ओढून घातलं, उगवलेली हरळी उकिडवं बसून विळ्याने कापली. आणि खरोखर हिरवळ झाली! अशी दाट, की अनवाणी चाललं तर गादीवरून चालल्यासारखं वाटावं.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. तात्या इंदापूरकडचे, कोरडवाहू ज्वारीचे शेतकरी. बोलणं थोडं आणि मिशा भरघोस. बारामतीच्या बाजाराला आले की लेकीला भेटल्याशिवाय जायचे नाहीत. पण आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. त्यामुळे तात्या यायचे, ओट्यावर बसायचे आणि फडक्यात बांधून आणलेली शिळी भाकरी खायचे. पाणी प्यायला मारुतीच्या देवळापुढच्या आडावर जायचे. आत चुलीपाशी ही ऊन ऊन भाकरी थापत असायची आणि बाहेर तिचा बाप वाळलेली चावत असायचा. ते गेले की ही स्वतःही शिळीच भाकरी खायची. मोडून टाकू ही रीत, असं मी एकदा म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "त्यांना वाटतं, रीत मोडली तर त्याचा दोष मला लागेल. माझ्यासाठीच उपाशी बसतात ते." मी बाहेर जाऊन हरळीला पाणी घातलं.

हिरवळ मनासारखी झाल्यावर मी भाऊसाहेबांना चहाला बोलावलं. नेमका बाजाराचा दिवस होता. वेताची खुर्ची मी त्यांच्याच घरून मागून घेतली होती (माझ्याकडे नव्हती), आणि ती डोक्यावर धरून वाटभर त्यांना घरापुढे हिरवळ असण्याचे फायदे ऐकवत होतो. कोपऱ्यावरून वळलो. घर दिसलं. हिरवळ दिसेना.

अंगण नुसतं काळंभोर! कुदळीने खांदून ढेकळं फोडलेली, काशा वेचून कुंपणाशी मुळं वर करून वाळत टाकलेल्या. एवढी निगुतीची खांदणी मी आमच्या रानातही पाहिली नव्हती. आणि ओट्यावर, मुंडासं काढून, घामाने निथळत तात्या बसले होते. पुढ्यात ऊन भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा आणि आमच्या घरातल्या पाण्याचा तांब्या. शेजारी दुसरी भाकरी हातात घेऊन ही उभी होती.

माझ्या तोंडाशी आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. ते बाहेर पडले नाहीत, कारण हिने माझ्याकडे पाहिलं.

"अंगणात हरळी किती माजली होती," ती म्हणाली. "मजूर मिळेना. शेवटी तात्यांनाच मजुरीवर लावलं. मजुराला भाकरी द्यावीच लागते ना?"

तात्या हातातला घास तसाच ठेवून जरा ओशाळले. "जावईबापू, लेकीच्या घरचं खात न्हाय मी. पर ही घामाची भाकर हाय. ती कुठंबी चालती. व्हय का न्हाय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती हरळी मी मुद्दाम लावली होती, एवढं एक वाक्य बोलण्याचा अवकाश, की ते काम काम राहणार नव्हतं, नुकसान होणार होतं. नुकसानीला मजुरी नसते. आणि ताटातली ती भाकरी पुन्हा लेकीच्या घरची होणार होती. अर्धी अजून उरली होती. ही दुसरी भाकरी तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चालते की," मी म्हणालो. "फार उपकार झाले. मी तर हात टेकले होते त्या हरळीपुढे."

तात्यांनी घास तोंडात घातला.

"अहो, पण ती हिरवळ..." भाऊसाहेबांनी विचारलंच. मी घाईघाईने खुर्ची अंगणात मांडली आणि त्यांना जवळजवळ दाबूनच बसवलं. भुसभुशीत मातीत खुर्चीचे चारही पाय सावकाश खाली गेले आणि भाऊसाहेबांचे गुडघे हनुवटीशी आले. त्यांनी एकदा तात्यांच्या ताटाकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. मग त्याच आसनात चहा घेतला, जागा हवेशीर आहे म्हणाले, आणि पुन्हा हिरवळीचं नाव काढलं नाही. त्या माणसाला मी जन्मभर मानलं.

तात्यांनी दुसरी भाकरीही घेतली. ती वाढताना हिचा चेहरा असा उजळला होता, की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. हिरवळ गेल्याचं मला मनापासून वाईट वाटत होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्याचं नव्हतं.

जाताना तात्या अंगणाकडे बघून म्हणाले, "हरळी एका खांदणीनं जात न्हाय. पुढच्या बाजाराला येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाजवळच्या ढिगातल्या काशा उचलल्या आणि गुपचूप पुन्हा मातीत खोचू लागलो. मागे चाहूल लागली. ही पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिने ती खोचलेल्या काशांवर ओतली. तेव्हापासून तोच क्रम सुरू झाला: मी लावायची, हिने पाणी घालायचं, तात्यांनी बाजाराच्या दिवशी येऊन उपटायची आणि मजुरीची भाकर खायची. इंदापूरकडे माझी कीर्ती पसरली, की जावई शिकलेला आहे पण त्याला अंगणसुद्धा राखता येत नाही. लग्नकार्यात लोक मला लांबून दाखवायचे.

मग आम्हाला मुलगी झाली. तिच्या बारशाला तात्या ताटावर बसले ते आजोबा म्हणून. पोटभर जेवले, मागून मागून जेवले, हात धुऊन अंगणात आले. हरळी नुकती वर येत होती. मी सवयीने खुरपं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"आता ऱ्हाऊ द्या तिला," ते म्हणाले. "लई मायेनं लावत आलायसा."

मी हिच्याकडे पाहिलं. ही पाळण्याची दोरी ओढत दुसरीकडेच बघत होती. तात्यांना हे कधीपासून ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही म्हणा.

"तेवढी कडंची काढत जावा," मिशा पुसत ते पुढे म्हणाले, "न्हायतर शेजाऱ्याच्या दारात शिरंल."

हिरवळ पुन्हा दाट झाली. लेक तिच्यावर रांगू लागली, आणि तात्या प्रत्येक बाजाराला हक्काने जेवू लागले. कडेची हरळी मात्र मलाच काढावी लागते, आणि ती निघाल्याशिवाय ही माझं ताट वाढत नाही. आमच्या घरात मजुरीची भाकर खाणारा तेव्हापासून मी एकटाच उरलो आहे.