सामाईक विहिरीचं पाणी

परवा रंगाऱ्यानं घरात थिनरचा डबा उघडला आणि मला परतूरजवळच्या आमच्या शेतातली विहीर आठवली. एका उन्हाळ्यात तिच्या पाण्याला असाच गोडसर, नाकात चढणारा वास यायला लागला. बैल तोंड लावून मागं सरायचे. विहीर वडिलांची आणि धाकट्या चुलत्यांची सामाईक होती, पण वाटणीवरून दोघांत अबोला होता आणि चुलत्यांनी नुकताच स्वतःचा बोअर घेतला होता. "त्यानंच काहीतरी वतलंय," वडील म्हणाले, "त्याला आता हिरीची गरज न्हाई." मी बांधावर बसून चुलत्यांवर नजर ठेवायचे, ते विहिरीकडं वळले की उठून उभी राहायचे. पाणी तळाला गेलं तेव्हा एका दुपारी चुलतेच आत उतरले आणि खालून ओरडले, "दादा, जल्दी खाली ये!" वडील कचरले, पण उतरले. मी काठावरून वाकून पाहिलं. काळ्या खडकाच्या भेगेतून तेलकट थेंब पाझरत होते. भेग माळाच्या बाजूची होती, आणि माळावरच्या जुन्या खाणीत कुठल्याशा कारखान्यानं रसायनांची गळकी पिंपं पुरल्याचं साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण ते एवढ्या लांब झिरपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "मंग, मी वतून राह्यलो का हे?" चुलत्यांनी विचारलं. वडिलांनी भेगेवर बोट फिरवून हुंगलं. दोघं मिळून तक्रारीला गेले, पिंपं निघाली, पण खडकात मुरलेलं निघेना म्हणून विहीर बुजवावी लागली. भाऊ पुन्हा बोलू लागले, तरी एकमेकांच्या घरी पाण्याचा तांब्या हातात आला की दोघंही तो नाकाशी धरून क्षणभर थांबायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता येत नाही.