सोनाची सोयरीक

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पांढरकवड्याचं नाव निघालं की मी विषय बदलते, ते तिथल्या उन्हाळ्याच्या आठवणीनं, असं त्याला वाटतं. मी कधी खुलासा केला नाही. आज तुम्हाला सांगते आहे—का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

साठ सालाच्या आगेमागे मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या विकारांवर काम करत होते. सव्वीस वर्षांची होते. दर महिन्याला आठवडाभर पांढरकवड्याच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या एका पोडावर जायचे, रक्ताचे नमुने घ्यायला. पोड म्हणजे कोलामांची पंधरावीस घरांची वस्ती. ते दिवस आठवतात ते पाण्याखालून पाहिल्यासारखे—मोहाचा जड, गोड वास, कुडाच्या फटींतून आत आलेलं ऊन, आणि सूक्ष्मदर्शकाखाली संथ तरंगणाऱ्या गोल, तांबूस पेशी. काचपट्टी चारी बाजूंनी बंद केली, आतली हवा सरली, की काही जणांच्या पेशी हळूहळू वाकायच्या. विळ्यासारख्या. रक्तातल्या एका प्रथिनात एवढासा फरक, आणि अख्खी पेशी आकार बदलते! मला ते—कसं सांगू?—सुंदर वाटायचं. दुपार कुठे जायची कळायचं नाही.

माझा मुक्काम लचमादादाच्या पडवीत असे. त्याची मुलगी सोना माझ्या धुतलेल्या नळ्या उन्हात ओळीनं मांडायची, एखादी डोळ्याला लावून आभाळाकडे बघायची आणि आपल्याशीच हसायची. तिची सोयरीक पलीकडच्या पोडावरच्या भीमाशी ठरत होती. दोघांचंही रक्त मी तपासलं होतं. दोघांच्याही पेशी वाकल्या होत्या. तशी दोघं ठणठणीत—कारण दोष एकाच बाजूनं आला असेल तर माणूस सहसा धडधाकट राहतो. पण आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून एकाच मुलात उतरला, तर? ते मूल दुखण्यातच वाढतं. वाढलं तर. तेव्हा हे पक्कं ठाऊक नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. पण ठाऊक होतं.

एका सकाळी लचमादादा समोर येऊन उकिडवा बसला.

"बाई, माह्या बहिणीचं लेकरू हातपाय दुखू दुखू मेलं. तुमी या दोघाइचं रगत पाह्यलं. आता सांगा, सोयरीक करू का नको?"

माझ्या वहीत एक जागा रिकामी होती. दोघांतही दोष असलेलं, लग्नाआधीपासून तपासलेलं जोडपं—ज्याच्या पहिल्या मुलापासून नोंद ठेवता येईल असं—मला मिळत नव्हतं. मिळालं असतं तर काय काय सिद्ध करता आलं असतं!

मी म्हणाले, "करा, दादा. दोघांचंही रक्त चांगलं आहे."

भीतीपोटी बोलले असते तर निदान तसं सांगता आलं असतं. मी घाबरले नव्हते. त्याच्या डोळ्यांत बघत मी मनात तक्ता आखत होते. त्यानं खुशीनं मला द्रोणभर चारं, चारोळीची पिकली फळं, आणून दिली. मी ती खाल्ली.

सोनाला मुलगी झाली. वर्षाची होण्याआधीच तिचे इवलेसे हात-पाय सुजू लागले, डोळे पिवळे पडले. मी दर खेपेला सुई घेऊन जायचे. लेकरू मला पाहूनच रडायचं, आणि सोना स्वतः त्याचा हात घट्ट धरून माझ्यापुढे करायची. "घ्या बाई, तुमाले लागते न." औषध माझ्याकडे नव्हतं. तसं मी तिला कधी स्पष्ट सांगितलंही नाही.

तीन वर्षांची व्हायच्या आत ती मुलगी गेली. त्या नोंदींवर माझा पहिला मोठा शोधनिबंध उभा राहिला. मग प्रथिनांची रचना, रेणूंचं जीवशास्त्र, मोठ्या प्रयोगशाळा—पुढचं सगळं त्यातूनच आलं. निबंधात सोनाचं नाव नाही. नुसतं 'कुटुंब सातवे'.

शेवटचं गेले तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून जवळ आली. किती हळू आवाजात बोलली!

"बाई, गरवार असतानी मी डिंक आनाले जंगलात गेलती. सासू म्हनते, तवाच पोरीले कायचं तरी लागलं. तुमी शिकल्या-सवरल्या. सांगा न, माह्याच्यानं झालं का?"

'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. पण मग तिनं विचारलं असतं—तं मंग कायच्यानं?

मी म्हणाले, "जीप थांबली आहे, सोना."

माझी नमुन्यांची पेटी तिनंच उचलली. डोक्यावर घेऊन जीपपर्यंत आणली, सांडू नये म्हणून अगदी जपून आत ठेवली. मग, सासू म्हणते तेच खरं धरून, ती घराकडे परतली. मी गाडीत बसून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.