भाकरीच्या यादीतलं श्री

भाकरी थापताना हात अडकलेले असतात, तोंड रिकामं. त्यामुळे आमच्या भाकरी केंद्रात दिवसाच्या भाकऱ्या दुपारपर्यंत संपतात, किस्से तेवढे उरतात. कोल्हापुरातल्या खानावळी, कागलचा ढाबा, सगळीकडे आम्हा आठ जणींच्या भाकऱ्या जातात. किस्से मात्र आमच्यातच होते, ते आज तुमच्याकडे पाठवते.

माझी ओवी दीड वर्षाची. तिला चुलीपाशी नेलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून केंद्र चालवणाऱ्या काकींना म्हटलं, "मला ऑर्डरींची यादी द्या. ओसरीत बसून मोबाईलवर करते."

काकींची वही होती, पिठाच्या बोटांनी पानं चिकटलेली. "सातवी शिकलीयास तू. जमंल?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "महिनाभर कर. घोळ झाला तर माझी वही आणि तुझी चूल."

ओवीला मांडीवर घेऊन, व्हिडिओ बघत बघत मी ऑनलाईन शीट केली, एक अ‍ॅप तयार केलं आणि दोन्ही जोडली. शीटमध्ये लिहायचं, ते सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅपमध्ये दिसायचं. पहिल्या दिवशी मी ओसरीतून "ज्वारी ४०" लिहिलं. आत शहनाजभाभी पिठाच्या हातांनी फोन धरून उभ्या.

"आलं गं आलं," त्या ओरडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी.

काकी भाकरी उलटत म्हणाल्या, "एवढ्यासाठी व्हय? तू नुसतं चाळीस म्हणून वरडली असतीस तरी मला ऐकू आलं असतं की."

* * *

आमच्याकडे एक रिटायर गुरुजी रोज बाजरीच्या चार भाकऱ्या नेतात. एकदा मी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात ओवीनं फोन धरला. आतून काकींची हाक आली, "सुजे, गुरुजींकडं जत्रा हाय का गं?"

गुरुजींपुढे चव्वेचाळीस हजार चारशे चव्वेचाळीस!

त्या दिवशी मी शीटला नियम घालायला शिकले. पाचशेच्या वर आकडा टाकला की ती आधी विचारते, खरंच का?

काकी म्हणाल्या, "बरी हाय की. एवढं तर माझा नवराबी विचारत न्हाय."

* * *

शहनाजभाभींना टापटीप आवडते. त्यांनी एकदा शीटमधली नावं बाराखडीप्रमाणे लावली. नुसती नावं. भाकऱ्या होत्या तिथंच राहिल्या. ढाब्याच्या तीनशे भाकऱ्या गुरुजींच्या नावावर गेल्या आणि रिक्षा गुरुजींच्या दारात जाऊन थांबली.

गुरुजींचा फोन आला, "काकी, मी एकटा माणूस. त्यात दात निम्मेच."

"वही कुठं ठेवली म्या?" एवढंच म्हणून काकी फडताळाकडे निघाल्या.

भाभी आडव्या उभ्या राहिल्या. "चूक माझी हाय, सुजीची न्हाय. काढायचं तर मला काढा."

"तुला काढून तांदळाच्या भाकऱ्या कोण करणार?" काकी म्हणाल्या आणि माघारी फिरल्या. वही फडताळातच राहिली.

* * *

पुढच्या आठवड्यात एका सकाळी यादी गायब. अ‍ॅप शीटच्या पहिल्या ओळीला मथळे समजतं: नाव, प्रकार, किती. त्या ओळीच्या वर कुणीतरी नवी ओळ घालून मधोमध लिहिलं होतं, ॥ श्री ॥.

"मी लिवलं," काकी म्हणाल्या. "वहीत पैलं तेच असतंय. सुरुवात अशी मोकळी सोडतात व्हय?"

आता ते पुसणार कोण? बाकीच्या सगळ्या पीठ मळायला लागल्या. माझाही अंगठा पुढं जाईना. मग मला सुचलं. मी शीटच्या पानाचं नावच "श्री" ठेवलं आणि अ‍ॅपला सांगितलं, यादी श्रीमधून घे.

"काकी, आता एका ओळीत नाही, अख्खं पानच श्री."

काकींनी नीट बघितलं. मग वरची ओळ स्वतःच्या हातानं काढून टाकली. यादी आली.

* * *

महिना भरला त्या दिवशी काकींचा पुतण्या रोहन पुण्याहून आला. कॉम्प्युटर इंजिनियर. त्यानं माझं काम उघडून बघितलं. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं.

"भारी केलंय, वहिनी," तो म्हणाला. "पण पानाचं नाव श्री? असं कोण ठेवतं?" आणि त्यानं ते पुसून "ऑर्डर्स" लिहिलं.

आतून सगळेच फोन बोलल्यासारखा एकच आवाज आला, "यादी गेली!"

ढाब्याची रिक्षा दारात उभी. रोहननं इंटरनेट बघितलं, लिंक बघितली, लॅपटॉप काढला. मी ओवीला कडेवर घेतलं, फोन घेतला, "ऑर्डर्स" पुसलं, "श्री" लिहिलं.

"आलं गं," आतून शहनाजभाभी.

"वहिनी, काय केलं तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत काकी फडताळापाशी गेल्या आणि त्यांनी वही बाहेर काढली. ती त्यांनी ओवीपुढे टाकली. "घे गं, रेघोट्या मार."

मग रोहनकडे वळल्या. "जाताना तुझ्या हापिसच्या कामातबी एक श्री घालून घे सुजीकडनं."