दत्तक नातीचं सोयर

आमच्या भाऊकीत सर्वांत वडील मी. घरात मूल जन्मलं की दहा दिवस सगळ्या भाऊकीला सोयर, माणूस गेलं की सुतक. त्या दिवसांत देवाला हात लावायचा नाही. कुणाला लागतं, कुणाला नाही, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. त्या कामाची मला मिजास होती, हे आधीच कबूल करतो.

मुलगा भातसानगरला धरणावर नोकरीला. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सत्त्याण्णव साली त्याने आणि सुनेने एका संस्थेतून बावीस दिवसांची मुलगी दत्तक घेतली. आमची भातझोडणी चालू होती. शहापूरहून जीप आली तेव्हा अंगाला कोंडा चिकटलेला मी खळ्यातच उभा राहिलो. बायकोने मात्र हातातलं सूप टाकलं, दारात भाकरतुकडा ओवाळला आणि मूल पदरात घेतलं. "किती हलकी हाय गो ही!" म्हणाली.

तेवढ्यात धाकटा चुलतभाऊ आला. दोन दिवसांनी त्याच्याकडे सत्यनारायण व्हायचा होता. "दादा, सोयर धरायचं का? धरायचं तर भटजींना निरोप धाडतो."

बावीस दिवस उलटून गेलेत, आता कसलं सोयर, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मी म्हणालो, "आपल्या रक्ताचं नाय ते. सोयर कसलं?"

सून उंबऱ्यात होती. तिने मान वर केली नाही. बाळाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. उशिरा का होईना, पाटा पुजून पाचवी करावी असं बायकोच्या मनात होतं. तेही मी होऊ दिलं नाही. पुढे सगळ्यांना सांगत आलो की चुलतभावाची पूजा मोडू नये म्हणून तसं बोललो. ते खोटं. मुलगी मला परकी वाटत होती, म्हणून बोललो.

तो परकेपणा वर्षभरही टिकला नाही. मुरबाडच्या बाजारात तिला खांद्यावर घेऊन हिंडायला लागलो. माझं वाक्य मात्र भाऊकीने जपून ठेवलं.

नऊ वर्षांनी बायको गेली. तिसऱ्या दिवशी नात देवघरातून धावत ओटीवर आली. हात ओले, कपाळाला कुंकू.

"आजोबा, मी सगळे देव धुतले! धाकटी आजी म्हणाली, तुला सुतक नाय लागत. अख्ख्या घरात फक्त मलाच चालतं!"

आजीच्या दुखवट्यात आपण कामी आलो, याचाच तिला केवढा आनंद! मी चुलतभावाच्या बायकोवर ओरडलो, "तिला सुतक आहे! कुणी लावायला सांगितला देवाला हात?"

"तुमीच बोल्लात ना भावजी, सोयर नाय म्हणून? मग सुतक कुठलं?"

"तेव्हा चुकलो मी."

चुलतभाऊ म्हणाला, "असं कसं दादा? सोयर-सुतक काय रेशनकार्ड हाय, मागनं नाव घालायला?"

दोघं-तिघं हसले. मी दुपारभर भांडलो. जे जे बोलावं त्यावर माझंच वाक्य परत येई. संताप त्यांचा यावा की स्वतःचा, कळेना.

नात सगळं ऐकत होती. आपण दत्तक आहोत हे तिला लहानपणापासून माहीत होतं. फ्रॉकच्या टोकाने तिने कुंकू पुसलं. "आजोबा, मी आले तेव्हा सोयर धरलं होतंत?"

सून हंडा घेऊन जात होती, ती थांबली.

"धरलं होतं," मी म्हणालो.

चुलतभावाने मान फिरवली. सून हंडा घेऊन आत गेली. नात माझ्याशेजारी येऊन बसली, चुकून कशाला शिवायला नको म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून.

आज ती नोकरी करते, आणि त्या दुपारी भाऊकीकडून काहीही ऐकलं असलं तरी माझं ते उत्तरच अजून खरं मानते. सुनेने माझं खोटं इतकी वर्षं सांभाळलं. माझ्यासाठी नव्हे, लेकीसाठी. तोंडाने सांगायला कितीदा तरी बसलो आणि दरवेळी भलतंच बोलून उठलो. म्हणून लिहितो. पोरी, सोयर धरलं नव्हतं. तुझ्या आजीला पाचवी पुजायची होती, आई उंबऱ्यात ऐकत होती, आणि नको म्हणणारा मी एकटाच होतो.