रुमालाखालची वाटणी

या, असे जवळ या. दारातूनच "कशी आहेस, आजी" म्हणता आणि निघून जाता, ही काय रीत झाली? दोन घटका बसलं तर झिजता का तुम्ही? बसा. एक माणूस सांगते. तसा तुम्हीही कुठं पाहिला असेल, तर मग मला सांगा.

जेवण झालं, हात धुतले, की तो खांद्यावरचा रुमाल झटकून मांडीवर पसरायचा आणि म्हणायचा, "जेवा तोंडानं, द्या बोटानं."

कापसाचा दलाल होता तो. अकोल्याच्या कापूसबाजारामागं एका स्वयंपाकी महाराजांची खाणावळ होती. माझं काम मागच्या अंगणात. आमच्या मळ्यातली वांगी-मेथी आणायची, पळसाच्या पत्रावळ्या लावायच्या, जेवणं झाली की उचलायच्या. तेव्हा विलायतेच्याही पलीकडं कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कोणाची, मेलं कोण, कोणाला ठाऊक होतं? बार्शीटाकळीकडून गाड्यांची रांग लागायची, आणि प्रत्येक सौद्यामागं एक पंगत.

सौदा हजारांचा व्हायचा, पण जेवणाचे पैसे कोणी द्यायचे यावर सगळं अडायचं. "मी देतो", "छे, मी देतो" असं तोंडं बोलायची, कमरेच्या थैलीकडं हात मात्र एकाचाही जात नसे. मग हळूच वाद निघायचे. शेटजींची एकादशी; त्यांनी नुसतं दूध-केळं घेतलेलं, ते अख्ख्या पानाचे पैसे का भरतील? पाटलांनी तूप तीनदा मागितलं, ते कोणाच्या नावावर धरायचं? एकदा शेटजी म्हणाले, मी भाताला शिवलोही नाही. पाटील म्हणाले, वास तर घेतला.

दलाल हे सगळं डोळे मिटून ऐकायचा, ओझं वाहून आल्यासारखा. मग रुमाल. बाजारात कापसाचा भाव जसा रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, तसाच हा जेवणाचा वाटा ठरवायचा. एकेकानं हात आत घालायचा. हा बोटं दाबून त्याचा वाटा सांगणार, तो तिथंच पैसे ठेवणार, आणि हा मोठ्यानं म्हणणार, "पोचले." कोणाला किती सांगितलं ते शेजाऱ्याला कळत नसे. खेड्यावरून आलेल्या लहान शेतकऱ्याला कमी, तूपवाल्याला जास्त. माझ्या उचलाउचलीचे दोन पैसेही तो सगळ्यांच्या वाट्यात मुरवून घ्यायचा. ते आधी माझ्या हातावर ठेवायचा, मग बाकीचे महाराजांना.

मी एकदा विचारलं, उघड सांगितलं तर काय बिघडतं? म्हणाला, "पैसा जाते अन् येते, बाई. चार लोकांत मान खाली गेली का ते वर नाही येत."

मग ती लढाई संपली. भाव असा कोसळला की गाड्या अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या. कित्येक दिवस अंगणात पत्रावळ लागली नाही. एका दुपारी तो चौघांना घेऊन आला. तेच शेटजी, तेच पाटील, आणखी दोन व्यापारी. तूप कोणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. वादही झाला नाही. रुमाल पसरला, एकामागून एक चार हात आत गेले, आणि चार वेळा तो म्हणाला, "पोचले."

रुमाल गोळा करून तो महाराजांकडं गेला, हळू काही बोलला, आणि माझ्याकडं न येताच दाराकडं वळला. मी तरुण होते, तोंडाळ होते. सगळ्यांसमोर हात पुढं करून म्हटलं, "कावून जी भाऊ, चौघांचे पोचले, मायेच राहिले का?"

पायताण चढवता चढवता चौघंही थांबले. एकमेकांकडं पाहीनात.

"इसरलो, बाई," तो म्हणाला. "मायीच चूक. उद्या पयले तुये."

तेव्हा कुठं शेटजींना कंठ फुटला. "दलाल, गरिबाचे पैसे राखू नये," म्हणाले. पाटील हसले. तोही हसला, पण मान वर केली नाही त्यानं.

ते गेल्यावर महाराजांनी मला सांगितलं. चारही मुठी झाकलेल्या आत आल्या, झाकलेल्याच बाहेर गेल्या. प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच तेवढी रिकामी. पाच पानांच्या पैशांपायी तो आपला रुमालच ठेवून गेला होता. महाराजांनी तो खुंटीला अडकवला. रुमालाशिवाय दलाली कशी होणार, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते दोन पैसे राहू द्या जी, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

वर्षभरानं बहिणीकडं अमरावतीला गेले होते. भाजीबाजारात तो दिसला. खांदा उघडा, डोक्यावर दुसऱ्या कोणाचं पोतं. त्यानंही मला ओळखलं, आणि पोत्यासकट बोळात शिरला. मी हाका मारल्या, मागं धावले. बोळ दुसऱ्या अंगानं उघडा होता. दोन पैशांपायी असा माणूस माझं तोंड चुकवून गेला, आणि ते दोन पैसे चारचौघांत मीच मागितले होते.

आता माझ्यानं कुठं जाणं होत नाही. येईल त्यालाच पाहायचं. तेव्हा लवकर या. आजीला काही न्यायला जमलं नाही म्हणून वाटेतून परतू नका. रिकाम्या हातानं या, पण या.